एका वाणीची दोन नावं, एका नावाचे दोन धनी

मृगाच्या दोन-चार सरी बरसल्या की तो दिसायला लागतो. ओट्याच्या कडेला, मोरीच्या तोंडाशी, कुंडीखाली, सोयाबीनच्या नुकत्या उगवलेल्या रोपांच्या बुडाशी. बोटभर लांब, लालसर तपकिरी, गोल अंगाचा. अंगाखाली पायांची अशी दाटी की तो चालत नाही, पाण्यावरून लाट सरकावी तसा सरकतो. काडीने डिवचलं की वेटोळं करून निपचित पडतो. त्या चकतीसारख्या वेटोळ्यामुळे कुणी त्याला पैसा म्हणतं. शेतकऱ्याच्या तोंडी त्याचं नाव वाणी.

म्हणजे किडा एक आणि नावं दोन. शिवाय वाणी हे नाव काही त्याच्या एकट्याच्या मालकीचं नाही. किराणा दुकानदारही वाणी, आणि संतांची असते तीही वाणीच. ‘यंदा वाणी फार मातलेत’ हे वाक्य बांधावर ऐकलं तर एक अर्थ, बाजारपेठेत ऐकलं तर दुसरा.

बोलताना आपलं यामुळे काही अडत नाही. समोर कोण आहे, आपण कुठे उभे आहोत यावरून अर्थ लागतो. शास्त्रीय नावाला ही सोय नाही. शंभर वर्षांनी, दुसऱ्या खंडात, तो प्राणी कधी न पाहिलेल्या माणसाने ते नाव वाचलं तरी त्याने एकाच प्राण्याकडे बोट दाखवलं पाहिजे. म्हणून एकाच प्राण्याला दोन शास्त्रीय नावं पडली, किंवा एकच नाव दोन प्राण्यांना पडलं, की निवाडा करावा लागतो. हा निवाडा कसा होतो ते या लेखात बघायचं आहे, आणि उदाहरणं वाणीच्या कुळातलीच घ्यायची आहेत. कारण या कुळात नावांचे जेवढे घोळ झाले तेवढे फार थोड्या ठिकाणी झाले असतील.

आधी शब्दांचं ठरवून घेऊ. या सगळ्या कुळाला इंग्रजीत मिलिपीड म्हणतात. गोम निराळी: तिला अंगाच्या दर वेढ्याला, म्हणजे कड्यासारख्या भागाला, पायांची एक जोडी असते आणि ती चावते. वाणीला बहुतेक वेढ्यांवर दोन-दोन जोड्या असतात आणि तो चावत नाही. शास्त्रीय नावात दोन शब्द येतात. पहिला प्रजातीचा म्हणजे जीनसचा, दुसरा जातीचा म्हणजे स्पीशीजचा. आता गंमत अशी की मराठी वर्तमानपत्रं सर्रास ‘प्रजाती’ हा शब्द स्पीशीजसाठी वापरतात आणि पाठ्यपुस्तकं जीनससाठी. म्हणजे आपल्या परिभाषेतच एक समनाम, म्हणजे दोन गोष्टींना पडलेलं एकच नाव, घुसलेलं आहे. मी पाठ्यपुस्तकाच्या बाजूने आहे.

काळा की पांढऱ्या पायांचा?

युरोपात, ब्रिटनमध्ये विशेष, एक वाणी पाचोळ्याखाली आणि झाडांच्या खोडांवर आढळतो. अंग चकचकीत काळं आणि पाय पांढरे फटक. विल्यम लीच या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने 1814 मध्ये त्याला ‘नायजर’ म्हटलं, म्हणजे काळा. 1838 मध्ये जर्मनीतल्या कार्ल लुडविग कोखने त्याचं नाव ‘अल्बिपीस’ ठेवलं, म्हणजे पांढऱ्या पायांचा. एकाची नजर अंगावर गेली, दुसऱ्याची पायांवर. दोघांपैकी खोटं कुणीच बोललं नाही. पण त्यामुळे एकाच प्राण्याच्या नावे दोन जाती कागदावर चढल्या.

निवाड्याचा पहिला नियम साधा आहे: जो आधी छापला तो जिंकला. याला अग्रक्रमाचं तत्त्व म्हणतात. प्राण्यांच्या बाबतीत ही शर्यत 1 जानेवारी 1758 पासून मोजतात, कारण स्वीडिश निसर्गतज्ज्ञ लिनियसच्या ‘सिस्टेमा नाचुरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती त्या वर्षीची आहे. त्याआधीची नावं हिशेबात नाहीत. लीच चोवीस वर्षांनी पुढे, म्हणून आज तो प्राणी टॅकिपोडोयुलस नायजर आहे. अल्बिपीस हे त्याचं कनिष्ठ पर्यायनाम, म्हणजे त्याच प्राण्याला नंतर पडलेलं दुसरं नाव.

मला विचाराल तर अल्बिपीस हे नाव कितीतरी चांगलं होतं. काळे वाणी ढिगाने सापडतील. काळ्या अंगाला पांढरे पाय हीच तर त्याची ओळख. पण नाव किती समर्पक आहे हा प्रश्न नियमांत येतच नाही. नाव शोभत नाही म्हणून ते बाद करता येत नाही, अशी स्पष्ट तरतूद आहे. ती नसती तर दर पिढीतल्या विद्वानांनी आपल्या आवडीने बारशी केली असती. मिलिपीड याचाच अर्थ हजार पायांचा. प्रत्यक्षात हजार पाय भरणारा एकही मिलिपीड 2021 पर्यंत माहीत नव्हता. त्या वर्षी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या खाणपट्ट्यात, जमिनीखाली साठ मीटरवर, बोअरच्या भोकातून सापडलेल्या युमिलिपीस पर्सेफोनीचं वर्णन छापून आलं. त्याचे पाय 1306 भरले. तोवर नाव चालूच होतं.

इतके घोळ याच कुळात का?

आजवर मिलिपीडच्या सुमारे 12000 जातींची वर्णनं झाली आहेत आणि खरी संख्या 80000 च्या घरात असावी असा अंदाज आहे. भारतातल्या जातींची जी यादी 2016 मध्ये छापून आली तिच्यात किमान 270 जाती धरल्या आहेत. वर्णनं करणारी माणसं मात्र मूठभर: व्हिएन्नाचा आटेम्स, जर्मनीतला फेरहूफ, इटलीचा सिल्व्हेस्त्री, अमेरिकेतले कुक आणि चेंबरलिन. एकेकाने शेकड्यांनी नावं ठेवली. 1936 मध्ये भारतातल्या मिलिपीडांवर मोठं काम छापलं तेही आटेम्सनेच. एकमेकांचे नमुने बघायला मिळायचे नाहीत. पत्र जायला महिने लागायचे, मध्ये दोन महायुद्धं झाली.

पण खरी अडचण प्राण्यातच आहे. बाहेरून बघितलं तर दोन वेगळ्या जातींचे वाणी हुबेहूब सारखे दिसू शकतात. ओळख पटते ती प्रौढ नराच्या एका अवयवावरून. बहुतेक मिलिपीडांत नराच्या सातव्या वेढ्यावरच्या पायांचं रूपांतर झालेलं असतं. ते पाय चालायचे राहत नाहीत, मिलनात वीर्य पोचवायचं काम करतात. त्यांना गोनोपॉड म्हणतात. दर जातीत त्यांचा घाट वेगळा: कुठे आकडा, कुठे चमचा, कुठे वळसा घेतलेली बारीक सुई. ते सुट्टे करून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय खात्रीने काही सांगता येत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच वर्णनांत हा अवयव नाहीच. ‘तपकिरी, लांबी अमुक, वेढे तमुक’ एवढ्यावर जात घोषित. कित्येकदा हाती फक्त मादी असायची, आणि मादीवरून तर आजही पुष्कळदा जात सांगता येत नाही.

वेढे मोजूनही भागत नाही. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाला वेढे थोडे आणि पायांच्या तीनच जोड्या असतात. मग दर कातीला वेढे वाढतात, पाय वाढतात. म्हणजे कमी वेढ्यांचा वाणी ही वेगळी जात असेल, किंवा नुसतं पोर असेल. भरीला दारूच्या बाटलीत ठेवलेल्या नमुन्याचा रंग उडतो. लाल, पिवळा, काळा, सगळे काही वर्षांत चहाच्या रंगाचे होतात.

आणि हा प्राणी फिरतो. स्वतःहून नव्हे, कुंडीतल्या मातीतून, रोपांच्या मुळांशी, जहाजातून. मृगात आपल्याकडे दिसणारा गंजाच्या रंगाचा वाणी पुष्कळदा ट्रायगोनियुलस कोरॅलिनस असतो. हा मूळचा आग्नेय आशियातला मानतात, पण आज उष्ण कटिबंधात सगळीकडे पसरलाय, कॅरिबियन बेटांपासून फ्लोरिडापर्यंत. जिथे पोचला तिथे तो स्थानिकच वाटला आणि नवं नाव घेऊन बसला. 1873 मध्ये लुम्ब्रिसिनस म्हणजे गांडुळासारखा, 1876 मध्ये गोएसी. दोन्ही नावं आज कोरॅलिनसच्या खात्यात जमा आहेत. 1999 मध्ये रोलँड शेली आणि पेक्का लेहटिनेन यांनी कुणी कुठे कोणत्या नावाने याची नोंद केली तो सगळा पसारा एकत्र मांडला.

सातबारा आणि फेरफार

पर्यायनाम ठरलं म्हणजे ते नाव पुसून टाकलं असा समज असेल तर तो चुकीचा आहे. शेतजमिनीचा सातबारा आठवा. आजचा मालक सातबाऱ्यावर असतो, पण जमीन कुणाकडून कुणाकडे आली ते फेरफार नोंदींत जसंच्या तसं राहतं. जुनी नोंद फाडली तर व्यवहाराचा धागाच तुटेल. नावांचंही तसंच.

एक उदाहरण देतो. काचघरांतल्या कुंड्यांमधून जगभर पोचलेला एक चपटा, गडद तपकिरी मिलिपीड आहे. कडेला फिकट पिवळसर झालर. याच कोखने 1847 मध्ये त्याला फोंटारिया ग्रॅसिलिस नाव दिलं. पुढे तो पॅराडेस्मस झाला, ऑर्थोमॉर्फा झाला, आणि 1911 मध्ये कुकने त्याच्यासाठी ऑक्सिडस ही प्रजाती काढली. आज तो ऑक्सिडस ग्रॅसिलिस. आता हा प्राणी डिवचल्यावर हायड्रोजन सायनाइड सोडतो, कडू बदामाचा वास येतो. मिलिपीडात सायनाइड असतं याची नोंद 1882 मध्ये झाली ती याच प्राण्यावरून, पण त्या लेखात नाव आहे फोंटारिया ग्रॅसिलिस. तुम्ही फक्त ‘ऑक्सिडस’ शोधत बसलात तर तो लेख कधीच हाती लागणार नाही. पर्यायनामांची यादी ही अडगळ नाही, ती जुन्या ज्ञानाकडे जाणारी पायवाट आहे.

जाता जाता एक खूण सांगतो, कुठल्याही शास्त्रीय नावाशेजारी दिसेल. ‘टॅकिपोडोयुलस नायजर (लीच, 1814)’ असं लिहिलेलं असतं. तो कंस शोभेचा नाही. लीचने नायजर हे नाव दिलं तेव्हा प्राणी वेगळ्या प्रजातीत होता, नंतर कुणीतरी तो हलवला, एवढं तो कंस सांगतो. कंस नसेल तर प्राणी पहिल्या दिवसापासून त्याच घरात आहे.

मग दोन नावं एकाच प्राण्याची आहेत हे ठरवायचं कसं? वर्णनं शेजारी ठेवून जमत नाही. नाव ज्या एका नमुन्याला बांधलेलं असतं तो मूळ नमुना, म्हणजे होलोटाइप, संग्रहालयातून काढून बघावा लागतो. शेताची हद्द ठरते ती गाडलेल्या दगडावरून, शेजाऱ्याच्या आठवणीवरून नव्हे. नावाचा तो दगड म्हणजे हा नमुना. दोन्ही नमुन्यांचे गोनोपॉड जुळले तर एक जात, नाही जुळले तर दोन. नमुनाच मादीचा किंवा पोराचा निघाला तर ते नाव ‘संदिग्ध’ या शेऱ्यासकट लटकत राहतं. मिलिपीडांच्या याद्यांत अशी लटकलेली नावं खूप आहेत आणि त्यांचा छळ पर्यायनामांपेक्षा जास्त होतो, कारण त्यांना ना जगवता येत ना मारता.

जुन्यालाच मान या नियमाला एक अपवाद ठेवलाय. समजा उद्या कुणाला 1790 सालच्या एखाद्या विसरलेल्या पुस्तिकेत, जगभर रुळलेल्या नावापेक्षा जुनं नाव सापडलं. काटेकोर नियमाने रुळलेलं नाव जायला हवं. पण ते जुनं नाव 1899 नंतर कुणीच खरं नाव म्हणून वापरलेलं नसेल, आणि रुळलेलं नाव गेल्या पन्नास वर्षांत किमान 10 लेखकांनी किमान 25 लिखाणांत वापरलं असेल, आणि ती लिखाणं दहा वर्षांहून कमी काळातली नसतील, तर रुळलेलं नाव राखता येतं. कूळ कायदाच म्हणा ना: कसेल त्याची जमीन, वापरेल त्याचं नाव. फरक एवढाच की इथे दोन्ही अटी पुराव्यानिशी छापून दाखवाव्या लागतात, तलाठ्याच्या तोंडी शब्दावर भागत नाही.

आता उलटा घोळ

एका प्राण्याला दोन नावं हा घोळ चालण्यासारखा तरी असतो. एकच नाव दोन प्राण्यांना, हा जास्त घातक. गावात ज्ञानेश्वर विठ्ठल पाटील नावाचे दोघे असले की एकाचं कर्ज दुसऱ्याच्या खात्यावर पडतं. नियम सांगतो की अख्ख्या प्राणिसृष्टीत एक प्रजातीनाम एकदाच. मासा असो, पक्षी असो, वाणी असो. एकाने घेतलं की दुसऱ्याला बंद. ज्याने नंतर घेतलं त्याचं नाव कनिष्ठ समनाम, आणि त्याला नवं नाव घ्यावंच लागतं.

योहान ब्रँट हा सेंट पीटर्सबर्गमधला प्राणिशास्त्रज्ञ. 1837 मध्ये त्याने एका बारीक, आंधळ्या, पुष्कळ पायांच्या मिलिपीडसाठी सायफोनोफोरा ही प्रजाती काढली. सायफन म्हणजे नळी, फोरा म्हणजे धारण करणारी. या प्राण्याचं डोकं पुढे चोचीसारखं निमुळतं असतं, तेव्हा नाव शोभतंही. अठरा वर्षांनी, 1855 मध्ये, कोखने हेच नाव माव्याला दिलं. गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यावर हिरवा मावा बसतो तो जरा भिंगाखाली धरून बघा: पाठीच्या मागच्या टोकाला दोन नळ्या उभ्या दिसतील. नळीधारी हे नाव त्यालाही तेवढंच शोभतं.

हा कोख म्हणजे तोच, अल्बिपीसवाला, फोंटारिया ग्रॅसिलिसवाला. 1847 मध्ये मिलिपीडांच्या वर्गीकरणावर अख्खा ग्रंथ लिहिलेला माणूस. माव्यावर लिहायला बसला आणि मिलिपीडांतलंच एक नाव उचलून माव्याला लावलं. वय तेव्हा सत्तरीच्या पुढे. त्याला दोष द्यायची माझी हिंमत नाही. मी कालचा पासवर्ड आज विसरतो.

तर मिलिपीड ज्येष्ठ, मावा कनिष्ठ. माव्याचं नाव बाद. पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. इटलीच्या पासेरिनीने 1860 मध्येच गुलाबाच्या माव्यासाठी मॅक्रोसायफम हे नाव छापलं होतं. पण वर्षानुवर्षं लोक सायफोनोफोराच लिहीत राहिले. 1887 मध्ये अमेरिकेतल्या ओस्टलुंडच्या लक्षात आलं की हे नाव तर मिलिपीडचं. त्याने माव्यासाठी नेक्टारोफोरा हे नवं नाव आणलं. अमेरिकी कृषी लिखाणात ते काही काळ चाललंही. मग मॅक्रोसायफम आधीपासून आहे हे मान्य झालं आणि नेक्टारोफोरा पर्यायनामांच्या यादीत जाऊन बसलं. वाटाण्यावरचा मावा या सगळ्यातून गेला: सायफोनोफोरा, नेक्टारोफोरा, मॅक्रोसायफम, आणि आता अ‍ॅसिर्थोसायफन. बिचारा मावा वाटाण्यावरच होता, हलला नाही.

म्हणून समनाम सापडलं की लगेच नवं नाव ठोकून द्यायचं नसतं. आधी त्या प्राण्याचं दुसरं एखादं वैध पर्यायनाम पडून आहे का ते बघायचं. असेल तर त्यातलं सर्वांत जुनं उचलायचं. काहीच नसेल तर आणि तरच नवं नाव. आणि ते नवं नाव त्याच मूळ नमुन्याला बांधलेलं राहतं. नाव बदललं म्हणून हद्दीचा दगड हलत नाही.

सायफोनोफोराला आणखी एक सावत्र भावंड आहे. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यांवर निळ्या फुग्यांसारखे वाहून येतात आणि पायाला लागले की आग आग होते, ते ब्लूबॉटल ज्या गणात मोडतात त्या गणाचं नावही जवळजवळ हेच. मग तिथे भांडण का नाही? कारण समनामांचा कायदा प्रजाती, जाती आणि कुळांच्या म्हणजे फॅमिलीच्या नावांपर्यंतच चालतो. त्याच्या वरच्या गणांची नावं त्याच्या हद्दीबाहेर. वनस्पतींचा कायदाही अगदी वेगळा आहे. मोरस म्हणजे आपली तुती, आणि मोरस हाच गॅनेट नावाच्या समुद्रपक्ष्यांची प्रजाती. दोघेही सुखात नांदतात. वेगवेगळ्या तालुक्यांतले दोन पाटील.

पोकळ खोडातला वाणी

कॅनडात नोव्हा स्कॉशिया प्रांतात जॉगिन्सचे कडे आहेत. फंडीच्या उपसागराला प्रचंड भरती येते आणि दर भरती त्या कड्यांचा थोडा भाग कुरतडते. आत सुमारे 31 कोटी वर्षांपूर्वीचं जंगल उभं गाडलेलं आहे. सिजिलॅरिया नावाच्या झाडांची खोडं गाळात पुरली गेली, आतून कुजून पोकळ झाली आणि त्या पोकळ्यांत प्राणी अडकले. विल्यम डॉसन या भूवैज्ञानिकाने अशा खोडांतून सर्वांत जुन्या सरीसृपांपैकी एक असलेला हायलोनोमस बाहेर काढला, आणि त्याच खोडांतून एक मिलिपीडही. 1860 मध्ये त्याने त्याचं नाव ठेवलं झायलोबियस सिजिलॅरी. झायलो म्हणजे लाकूड, बायोस म्हणजे जीवन. लाकडात राहणारा, सिजिलॅरियाचा.

नाव सुंदर होतं आणि घेतलेलं होतं. 1834 मध्येच फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लाट्रेयच्या नावे झायलोबियस ही भुंग्यांची एक प्रजाती छापली गेली होती. ते भुंगेही लाकडातलेच. लाट्रेय म्हणजे ज्याने ग्लोमेरिस, पॉलिडेस्मस अशा मिलिपीडांच्या पहिल्यावहिल्या प्रजाती काढल्या तोच. 1895 मध्ये कुकने डॉसनच्या प्राण्याला झायलोयुलस हे बदली नाव दिलं: लाकूड तसंच ठेवलं आणि पुढे युलस जोडलं. चांगलं बदली नाव असंच असावं. जुन्या नावाची आठवण राहते आणि कोणत्या कुळातला प्राणी तेही कळतं.

समनामं का होतात याचं उत्तर या दोन गोष्टींत आहे. सगळे त्याच ग्रीक-लॅटिन कोशातून शब्द काढतात, आणि लाकडात राहणारं काहीही दिसलं की सगळ्यांना तोच शब्द सुचतो. आपल्याकडे काळ्या कुत्र्याचं नाव काळू पडतं तसं.

जातीनामांत समनाम होतं ते एकाच प्रजातीत. वेगळ्या प्रजातींत नायजर कितीही असू देत. पण इथे युलस नावाची जुनी डोकेदुखी आहे. लिनियसने 1758 मध्ये मिलिपीडांसाठी युलस ही एकच प्रजाती ठेवली होती. पुढची कित्येक दशकं, जगात कुठेही लांब गोल वाणी सापडला की तो युलसमध्ये टाकायचे. एकत्र कुटुंबासारखं, आणि त्यात एकाच नावाची दोन पोरं निघाली तर नवल नाही. समजा एकाने आफ्रिकेतल्या वाणीला आणि वीस वर्षांनी दुसऱ्याने ब्राझीलमधल्या वाणीला युलसमध्येच एकच जातीनाम दिलं. आज ते दोघे वेगवेगळ्या कुळांत गेले आहेत, एकमेकांशी संबंध नाही. तरी धाकट्याचं नाव बाद, कारण जन्मताना दोघे एका घरात होते. याला प्राथमिक समनाम म्हणतात. उलट, वेगळ्या घरांत जन्मलेले दोन समान नावाचे पुढे प्रजाती एक झाल्यामुळे एका छपराखाली आले तर ते दुय्यम समनाम. पुन्हा वेगळे झाले तर धाकट्याला आपलं नाव परत मिळण्याची शक्यता असते, पण ते नाव 1961 च्या आधीच बदललं गेलं असेल तर सहसा नाही.

स्पेलिंगचं शास्त्र यात निराळंच. प्रजातीनामांत एका अक्षराचा फरक असला तरी ती दोन वेगळी नावं धरतात. जातीनामांत मात्र शेवटी एक आय की दोन आय अशा काही ठरावीक फरकांना फरकच मानत नाहीत. ऑस्ट्रेलियात शिरून उपद्रव झालेल्या पोर्तुगीज मिलिपीडच्या नावात, ऑमॅटोयुलस मोरेलेटीत, हा आय कुणी एक लिहितं कुणी दोन. प्राणी तोच.

शोधायचं कुठे

पूर्वी हे काम आठवणीवर आणि कार्डांवर चालायचं. 1939 पासून शेफील्ड नीव्हने सगळ्या प्राण्यांच्या प्रजातीनामांचा कोश काढला. मिलिपीडांपुरतं म्हणाल तर नेदरलँड्सच्या यीकेलने 1758 पासून 1957 पर्यंतची प्रजातींची आणि कुळांची सगळी नावं एका चारशेवर पानांच्या सूचीत बसवली: नाव, कुणी, कधी, कुठल्या पानावर, कोणती जात आधार धरून. वाचायला टेलिफोन डिरेक्टरीसारखी, पण भांडण लागलं की तीच उघडायची. तिचा 1999 पर्यंतचा पुढचा भाग 2000 मध्ये आला. आता मिलिबेस नावाची माहितीपेढी हे काम संगणकावर करते आणि कुणालाही फुकट बघता येते. संगणक सारखी नावं क्षणात काढून देतो, पण निवाडा तो करत नाही. मूळ पान उघडून तारीख बघावी लागते, नाव वर्णनासकट छापलंय की नुसतंच यादीत टाकलंय ते बघावं लागतं. वर्णनाशिवायचं नाव धरलंच जात नाही. दोन्ही नावं एकाच दिवशी छापलेली निघाली तर ज्याने पहिल्यांदा दोन्ही समोर ठेवून एक निवडलं त्याचा शब्द चालतो.

आणि एक शिष्टाचार आहे, मला तो फार आवडतो. ज्याचं नाव समनाम ठरलं तो लेखक हयात असेल तर परस्पर नवं नाव छापायचं नाही. त्याला कळवायचं, आणि स्वतःचं लेकरू स्वतः पुन्हा नावारूपाला आणायला किमान एक वर्ष द्यायचं. नियम सक्तीचा नाही, सज्जनपणाचा आहे. सगळे पाळतातच असं नाही.

निवाडा छापून झाला की शेवटचं काम संग्रहालयात होतं. नमुन्याच्या बाटलीत, दारूत बुडालेली, एक चिठ्ठी असते: जुन्या बोरूच्या अक्षरात पहिलं नाव. तिच्याशेजारी दुसरी, टंकलेखन यंत्रावरची, मधल्या काळातलं नाव. नवं नाव लिहिलेली तिसरी चिठ्ठी शिसपेन्सिलीने किंवा न विरघळणाऱ्या शाईने लिहून आत सोडतात, आणि बूच लावतात. आधीच्या दोन्ही बाहेर काढायच्या नसतात.